सरळ जाणारी थाळी

मनकर्णा बावनकरला नोकरी लागली तेव्हा पेढे आणायचे की नाही, यावर घरात तासभर खल झाला. नोकरी पोलादाच्या प्लांटची, पक्की. क्वार्टर सुटणार नव्हतं, दवाखाना फुकट राहणार होता. पण ती मिळाली होती नवरा गेला म्हणून. हरिभाऊ म्हणजे रोलिंग मिलमधला धडधाकट गडी. अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत कावीळ झाली आणि नवव्या दिवशी खेळ आटोपला. सात महिन्यांनी त्याच्या बायकोच्या नावानं नेमणुकीचं पत्र आलं. सासू गयाबाई म्हणाली, "असल्या नोकरीचे कायचे पेढे?" शेजारणी म्हणाल्या, निदान देवापुढं तरी ठेवा. शेवटी पावशेर आले, देवापुढं ठेवले गेले आणि तिथंच त्यांना मुंग्या लागल्या. मनकर्णाला विचाराल तर पेढे आले होते हेसुद्धा तिला आठवत नाही.

तिचं सगळंच तसं झालं होतं. भंडाऱ्याहून आलेल्या बायकांनी तिच्या गळ्यात पडून हंबरडे फोडले, ही आपली कोरडी ठणठणीत. कोणी म्हणालं धक्का बसला, कोणी म्हणालं बाई दगडाची आहे. बायकांना काय, दोन्हीकडून बोलता येतं. खरं एवढंच होतं की तिला काही वाटत नव्हतं. वरणात मीठ नसलं तरी ती वाटी संपवायची आणि गयाबाई ओरडली की मगच तिला कळायचं. सकाळी भोंगा झाला की उठायचं, रात्री पाठ टेकायची, मधला दिवस कोणा दुसऱ्याच बाईचा असावा तसा निघून जायचा.

आठवी पास बाईला मिलमध्ये कुठं घालणार? साहेबांनी तिला रुआबांधाकडच्या ग्राउंडवर, खेळाच्या सामानाच्या स्टोअरमध्ये टाकलं. "खेलकूद में रुचि है?" असं त्यांनी विचारलं तेव्हा ही म्हणाली, "फुगडी." साहेब हसले. ती हसली नाही, कारण तिनं खरं तेच सांगितलं होतं.

स्टोअर म्हणजे पायऱ्यांखालची पत्र्याच्या दाराची लांबट खोली. भाले, गोळे, जाळ्या, कॅरमचे फुटके बोर्ड, आणि एका फळीवर थाळीफेकीच्या थाळ्या. ग्राउंड राखायला कोहक्याचा टिकाराम होता. बेचाळीस वर्षांचा काटकुळा माणूस, स्वतः कधी काही खेळला नाही, पण वीस वर्षं खेळणाऱ्यांच्या मागं चुना टाकत फिरलेला. मनकर्णानं पहिल्या दिवशी थाळी पोळीच्या ताटासारखी दोन्ही हातांत धरली तेव्हा तो कळवळला. "अइसने झन धर ओ, बाई," म्हणजे असं धरू नकोस, असं आपल्या बोलीत सांगून त्यानं थाळीची कड बोटांच्या पेरांवर कशी अडकवायची ते दाखवलं. पुढचं तिचं तिनं पाहून पाहून शिकून घेतलं. दुसरं काही मनात येतच नव्हतं, त्यामुळं पाहायला जागा भरपूर होती.

बायकांची थाळी किलोभराची. पण किलो किलोत फरक असतो, हे तिला दोनेक महिन्यांत कळलं. फळीवर एक जुनी लाकडी थाळी होती, मधे जाड, वजन सगळं पोटात. तिचं नाव तिनं ठेवलं सरळी. नवख्या पोरीनं कशीही वेडीवाकडी सोडली तरी सरळी आपली पालथी न पडता समोर जायची आणि अठरा-वीस मीटरवर पोटावर उतरायची. नवख्या पोरीला एवढं पुरे, ती खूश होऊन दुसऱ्या दिवशी परत येते. सालभर घाम गाळलेल्या मुलीच्या हातून तीच थाळी तीस गाठायची, तीही दोरी लावल्यासारखी. आणि खरी तयारीची बाई असली म्हणजे? तरी सरळच जायची. पण तेहतीस-चौतिसाच्या आसपास तिचा दम संपायचा आणि ती खाली बसायची. हातात कितीही जोर असो, सरळी त्याच्या पुढचं घेत नसे. ती कोणाची फजिती करत नव्हती आणि कोणाला फार पुढंही नेत नव्हती.

एक्क्याऐंशी साली दुसरी आली. कडेला लोखंड जाड आणि मधे लाकूड पातळ, म्हणजे भार सगळा काठावर. मनकर्णानं हातात घेतली आणि म्हणाली, काठजड. ही मोठी मानी थाळी होती. मनगटातून तिला सणसणीत गरका मिळाला तर शेवटच्या टप्प्यातही ती फिरत राहायची, वाऱ्यावर टेकून आणखी तीन-चार मीटर काढायची. गरका कमी पडला की मात्र हवेतच डगमगायची, आडवी व्हायची आणि कोयता आपटावा तशी कडेवर मातीत रुतायची.

कोच हंगामापुरते यायचे. बाकी वर्षभर कोणी कोणती थाळी घ्यायची हे मनकर्णाच ठरवू लागली, आणि तिचा अंदाज चुकेना. दवाखान्यातली नर्स कमलिनी सरळीवर एकोणतिसाला अडली होती. मनकर्णा चार दिवस तिच्या मनगटाकडं बघत राहिली, पाचव्या दिवशी म्हणाली, "उद्यापासून तू काठजड घे. तुझा हात सुटला आता." आठवड्यात कमलिनी बत्तीसला गेली. टिकाराम लोकांना सांगत सुटला की बाईच्या डोळ्यात मीटरपट्टी आहे. बाईला त्याचंही काही वाटलं नाही. घरी जाऊन तिनं भांडी घासली.

आता लतिकाचं सांगायला हवं. लतिका म्हणजे हरिभाऊची धाकटी बहीण, मनकर्णाची नणंद. भाऊ गेला तेव्हा तिला अठरावं सरत होतं. घरात त्या तिघीच उरल्या होत्या: सासू, सून आणि ही. बांधा सगळा भावाचा, उंच, रुंद खांद्यांची. नवऱ्यामुलाकडचे बघायला आले की हिला बसवूनच ठेवावं लागे. वहिनीला डबा द्यायला ग्राउंडवर यायची, तिथं एक दिवस तिनं सहज थाळी फेकली. मनकर्णानं तिला सरळी दिली होती. थाळी पंचविसाला पडली. पहिल्याच दिवशी पंचवीस! टिकारामनं हातातली चुन्याची बादली खाली ठेवली.

त्या दिवसापासून लतिका रोज आली. मनकर्णा टेप घेऊन मैदानात उभी राहायची, थाळी पडेल तिथं खिळा ठोकायची, आकडा सांगायची. अठ्ठावीस, तीस, एकतीस. काठजड नवी आली तेव्हा लतिकानं तीही फेकून पाहिली होती. थाळी हवेत आडवी झाली आणि बाविसाला रुतली. मनकर्णा म्हणाली, "हे तुले नाही. तू सरळीच घे." तेव्हा ते बरोबरच होतं. पुढं वर्षभरानं, कमलिनीची प्रगती बघून, लतिकानं एकदा विचारलं, "वहिनी, मी फिर से पाहू का काठजड?" मनकर्णा खाली वाकून टेप गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी सरळीच." लतिकानं सरळी उचलली. कोणाच्या हातात काय बसतं हे वहिनीला कळतं, असं सगळं ग्राउंड म्हणत होतं, मग तिनं का शंका घ्यावी?

त्र्याऐंशीच्या जानेवारीत नोटीस लागली. खेळाडूंच्या कोट्यातून एक जागा, थाळीफेक, महिला. अंतर पस्तीस मीटर, वय तेविसाच्या आत. पस्तीसच्या वर जी सगळ्यांत लांब फेकेल ती घ्यायची. लतिका त्या मार्चमध्ये तेविसाची होणार होती. म्हणजे हीच पहिली संधी आणि हीच शेवटची.

गयाबाईनं घरात आपलीही नोटीस लावली. गोंदियाला एक बिजवर होता, किराणा दुकानवाला, दोन लेकरांचा बाप, वय एकेचाळीस. त्याचा निरोप दोनदा येऊन गेला होता. गयाबाई म्हणाली, "नोकरी लागली तर तुह्या मनानं कर. नाही लागली तर चैत्रात गोंदियाले हो म्हणजो. मी किती दिवस दोघीले पाहत बसू?" मग सुनेकडं न बघता पुढचं म्हणाली, "या घरात एक नोकरी आली, ते माह्या पोराच्या जिवावर आली. आता माह्या पोरीले तिच्या हातानं भेटू दे." मनकर्णा तांदूळ निवडत होती. ती निवडत राहिली. लतिका मात्र त्या रात्री जेवली नाही. सरावात ती चौतिसापर्यंत जात होती, अधूनमधून चार बोटं पुढंही. लोक म्हणायचे, ऐन वेळी हातात जोर येतो, एक मीटर म्हणजे काय मोठं! तिला मात्र गोंदियाचा माणूस एक मीटरवर उभा दिसायचा.

चाचणीचा कागद मनकर्णाच्याच हाती आला होता. सकाळी आठला सगळ्यांच्या थाळ्या तोलून, मापून त्यांवर पिवळ्या रंगाचा ठिपका मारायचा. ठिपका नसलेली थाळी चालणार नाही, एकीची दुसरीनं वापरायची नाही, प्रत्येकीनं दोनपर्यंत आणाव्यात. मनकर्णानं ते "दोनपर्यंत" वाचलं होतं. चाचणीच्या दिवशी आठ वाजता ती सरळी पदरानं पुसून घेऊन गेली. फक्त सरळी. लतिकाची थाळी एकच, त्यात विचार काय करायचा? काठजड फळीवरच राहिली.

तिघी मुली आल्या होत्या. राजनांदगावची एक पहिल्याच फेकीला घाबरून वर्तुळाबाहेर गेली आणि नंतर तिचं काही जमलं नाही. दुर्गची कलावती ठेंगणी, मजबूत, स्वतःची काठजड घेऊन आलेली. लतिकाची पहिली फेक तेहतीस ऐंशी. थाळी इतकी सुंदर सरळ गेली की समितीतल्या एका साहेबांनी वाहवा केली. दुसरी चौतीस दहा, तीही सरळ, पहिल्या खिळ्याच्या अगदी नाकासमोर. कलावतीनं तेवढ्यात पस्तीस चाळीस टाकली होती.

लतिका वर्तुळातून बाहेर आली आणि थेट कडेला उभ्या असलेल्या मनकर्णाकडं आली. घाम हनुवटीवरून गळत होता.

"वहिनी, काठजड दे."

"ते तोलली नाही."

"म्हणजे?"

"ठिपका नाही तिच्यावर. मी आणलीच नव्हती सकाळी."

लतिकानं समितीच्या टेबलाकडं जाऊन विचारलं. साहेब भले होते, त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि मान हलवली. "जिस पर निशान नहीं, वो नहीं चलेगी, बेटी. दो लाने को बोला था न?" लतिका परत गेली. तिसऱ्या फेकीला तिनं जीव ओतला. घशातून आवाज निघाला तो पायऱ्यांवर बसलेल्यांनाही ऐकू आला. थाळी सरळ गेली, चौतिसापर्यंत आली आणि दमून खाली बसली. चौतीस पाच.

नाव कलावतीचं पुकारलं गेलं. तिच्या वडिलांनी सगळ्यांना जिलबी वाटली, मनकर्णालाही एक दिली. तिनं ती खाल्ली. गोड होती की नाही, सांगता येणार नाही.

दुपारी ग्राउंड रिकामं झालं. टिकाराम जेवायला गेला. मनकर्णा सामान लावत होती तेव्हा लतिका स्टोअरमध्ये आली, न विचारता फळीवरून काठजड उचलली आणि निघाली. दारातून म्हणाली, "टेप आण."

मनकर्णा टेप घेऊन रोजच्या जागी मैदानात जाऊन उभी राहिली आणि रोजच्यासारखी गवताकडं बघत राहिली. वर्तुळात पाय घासल्याचा आवाज आला. मग काहीतरी सूं करत तिच्या डोक्यावरून गेलं. इतक्या वरून कोणाचीही थाळी कधी गेली नव्हती. ती मागं वळून धावली. पस्तीसच्या रेघेच्या पलीकडं माती उडाली होती. तिनं खिळा ठोकला, टेप ताणला. छत्तीस सत्तर.

"आणखी एक," लतिका ओरडली.

सदतीस दहा.

तिसरी तिनं फेकलीच नाही. ती चालत मैदानात आली आणि खिळ्यापाशी उभी राहून आकड्याकडं बघत राहिली.

"सदतीस," ती म्हणाली.

"हो."

"तुले माहीत होतं?"

"नाही."

"आई म्हणन, मुद्दाम केलं. घरात नोकरीवाली एकच राहाव म्हणून."

"तुले तसं वाटते?"

"मले काही वाटूनच नाही राह्यलं, वहिनी." लतिका खाली बसली, गवताच्या काड्या उपटू लागली. "पण एक सांग. त्या कमलिनीचं मनगट तुले चार दिवसांत समजलं. मी दोन साल तुह्या समोर फेकून राह्यली, रोज. ग्राउंडवरच्या सब लोगों का तुले समजते. मग माह्यंच कावून नाही समजलं?"

मनकर्णाला आधी कागदाचं सांगावंसं वाटलं, की चूक झाली, दोन न्यायला पाहिजे होत्या. मग वाटलं काठजड पहिल्यांदा रुतली होती त्याचं सांगावं. दोन्ही खरं होतं आणि दोन्हीत काही अर्थ नव्हता. जे होतं ते तिनं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. आता ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा तिचा आवाज तिला ओळखू आला नाही.

"मी तुले फेकताना पाहतच नाही, लतिका. फेकाच्या आधी तू इकडं पाठ करून उभी राहते न. खांदे तेच, मान तेच, एका पायावर भार देऊन राहाची ढब तेच. तुहे दादाच उभे दिसते. ड्यूटीले निघाले अन् दारात चप्पल घालून राह्यले, अशे. पहिल्या दिवशी पाह्यलं मी. त्याच्या नंतर नाही पाह्यलं. मी खाली गवतात पाहते, थाळी पडाची वाट पाहते. तुहा हात कवा सुटला, मले माहीतच नाही."

लतिका गवताच्या काड्या उपटत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर तिनं ते दिसू दिलं नाही. मनकर्णाला वाटलं, ही आता आपल्याला शिव्या देईल किंवा जवळ घेईल. दोन्हीपैकी काही झालं असतं तर बरं झालं असतं. लतिका उठली, थाळीला लागलेली माती तिनं ओढणीनं पुसली आणि थाळी वहिनीच्या हातात दिली.

"चैत्रात पाह्यजो मंग," ती म्हणाली. "मांडवात माह्यं तोंड तुह्याकडंच राहीन."

ती फाटकाकडं चालू लागली. मनकर्णा तिच्या पाठीकडं बघत राहिली, ती रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत. मग हरिभाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा तिला रडू फुटलं, आणि ते टिकाराम जेवून परत आला तरी थांबलं नव्हतं.